स्क्रॅबल, नायजेल रिचर्ड्स आणि मराठी माध्यमातली पोरं

विश्रामबागकर :

नमस्कार मंडळी,

सांगलीत बुद्धिबळावर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, स्वाती घाटेसारखी महिला ग्रँडमास्टर याच गावानं दिली, सुट्टीत स्पर्धा लागल्या की बाहेरगावची पोरं आईबापांसकट येऊन राहतात. पण स्क्रॅबलचं, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून शब्द बनवायच्या खेळाचं नाव काढलं की लगेच ऐकू येतं, ते इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम. आमच्या कॉलनीत बोर्ड मांडला की मराठी शाळेतली पोरं कडेनं उभी राहून बघतात, बस म्हटलं तर म्हणतात काका आमचं इंग्लिश कच्चं आहे. हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून एका माणसाबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. नायजेल रिचर्ड्स.

माणूस न्यूझीलंडचा, ख्राइस्टचर्चचा, जन्म १९६७. शाळेत इंग्रजीत गती नव्हती, लहानपणापासून सगळा ओढा आकड्यांकडे. आईबरोबर पत्ते खेळायला बसला की पडलेलं प्रत्येक पान त्याच्या लक्षात राहायचं, त्यामुळं त्याच्याबरोबर खेळण्यात आईला काही मजा उरली नाही. शेवटी तो २८ वर्षांचा असताना आईनंच त्याच्यापुढं स्क्रॅबल ठेवला, तुला इंग्रजी जमत नाही तेव्हा हा तरी तुला जमणार नाही, अशा हिशेबानं! १९९७ साली न्यूझीलंडची राष्ट्रीय स्पर्धा ड्युनेडिनला होती, हा ख्राइस्टचर्चहून सायकल मारत गेला, जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे सांगलीतून निघून पार पनवेल गाठण्याएवढं. पहिल्याच खेपेला राष्ट्रीय विजेता झाला आणि परत घरी आला तोही सायकलवरच.

२००० च्या सुमाराला तो मलेशियात क्वालालंपूरला राहायला गेला, अजून तिथंच असतो. पहिलं जागतिक विजेतेपद त्यानं कुठं मिळवलं माहितीये? मुंबईत. २००७ ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, अंतिम फेरीत त्यानं मलेशियाच्या गणेश असिर्वथमला हरवलं. २००९ ला परत अंतिम फेरीत, तिथं थायलंडच्या पाकोर्नकडून हरला. मग २०११ ला वॉर्सात जिंकला, आणि तोपर्यंत जगात कुणालाच हे विजेतेपद दोनदा मिळालेलं नव्हतं. २०१३ ला प्राग, २०१८ आणि २०१९ ला इंग्लंडमधलं टॉर्की. एकूण पाच. शिवाय अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा २००८ ला आणि पुन्हा २०१० ते २०१३ सलग चार वर्षं.

आता मुख्य गोष्ट. २०१५ मध्ये त्यानं ठरवलं की फ्रेंच जागतिक स्पर्धेत उतरायचं. फ्रेंच येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, वाचून कळत नव्हतं. फ्रेंचची खेळातली यादी त्या वेळी ३ लाख ८६ हजार शब्दांच्या आसपास. त्यानं साधारण नऊ आठवडे ती यादी डोळ्यांखालून घातली, बेल्जियमला गेला, अंतिम फेरीत गॅबन देशाच्या खेळाडूला हरवून विजेता झाला. सभागृह उठून उभं राहिलं आणि याला दोन शब्द बोलायलाही दुभाषा लागला. २०१८ ला तोच किताब परत घेतला. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनमधल्या ग्रनाडाला स्पॅनिश जागतिक स्पर्धाही जिंकली, २४ डावांत फक्त एक हरला. स्पॅनिशही येत नाही.

माझं म्हणणं असं की ज्या खेळात भाषा न येणारा माणूस त्या भाषेचा जगज्जेता होऊ शकतो, त्या खेळापासून आपण आपली पोरं केवळ इंग्लिश कच्चं म्हणून लांब ठेवतोय हे चुकीचं आहे. तुमची मतं सांगा.

हळदबाजार :

लय भारी लिवलंय दादा. सायकलचं वाचून मी दोनदा थांबलो. पनवेलपातूर सायकलवर जायचं, तिथं दिवसभर बसून डोकं चालवायचं, जिंकायचं, आन परत सायकलीवर बसून घरला. हे कुठल्या मातीचं माणूस हाय लगा! मला ह्यातलं काय कळत न्हाई, आमच्या घरी गावांच्या भेंड्या आन नाव-गाव-फळ-फूल एवढंच, पण एक इचारतो, अर्थ म्हाईत नसताना शब्द डोक्यात ऱ्हातो कसा? मला तर अर्थ कळला तरी ऱ्हात न्हाई.

विश्रामबागकर :

दादा, तो फार कमी बोलतो. मुलाखती जवळजवळ देतच नाही, जिंकल्यावर चषक घेतो आणि निघतो. जे थोडं त्यानं सांगितलंय त्यावरून एवढं कळतं की शब्द त्याला चित्रासारखा दिसतो. कानावर पडलेला शब्द त्याच्या उपयोगाचा नाही, छापलेला बघितला की पान डोळ्यांपुढं राहतं. मग सायकलवर लांब जाताना ते पान मनात उलगडत बसायचं. म्हणजे सायकल हा त्याच्या अभ्यासाचाच भाग. यशाचं रहस्य विचारलं तर सांगतो की शब्द शिकायचे, दुसरं काही नाही.

पोवईनाका :

साताऱ्यातून वाचतोय. लेख छान पण निष्कर्ष पटला नाही. हा माणूस लाखांत काय, शंभर कोटींत एक आहे. त्याच्याकडं बघून पोरांना सांगायचं की बघा त्याला भाषा येत नव्हती तरी जिंकला, तर तुम्हीही जिंकाल, हे कसं काय? उद्या कुणी म्हणेल तेंडुलकरनं शाळा लवकर सोडली. अपवादावरून नियम काढता येत नाही. पत्ते लक्षात राहणारं डोकं आमच्या पोराकडं नाही, माझ्याकडं नाही, वर्गात कुणाकडंच नसेल.

कृष्णाकाठची :

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून माझाही मुद्दा मांडते. पोवईनाका यांचं बरोबर आहे आणि त्याच्या पलीकडचं एक आहे. आधीच आमची मुलं निबंध पाठ करतात, पत्र पाठ करतात, प्रश्नाची उत्तरं पाठ करतात, अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडं बघतात. मी रोज जीव तोडून सांगते की समजून घ्या. आणि आता खेळाच्या नावाखाली पुन्हा अर्थ न कळता शब्दांच्या याद्या पाठ करायला लावायच्या? क्यू आणि आय मिळून शब्द होतो एवढं माहीत असून मुलाचा काय फायदा? त्याला त्या शब्दानं वाक्य करता येणार नाही. रिचर्ड्स यांचं कौतुक मलाही आहे, पण ते भाषेचे खेळाडू नाहीत असं मला वाटतं, आणि शाळेत मला भाषा शिकवायचीय.

वाईकर :

कृष्णाकाठची ताई, तुमची तळमळ समजली. पण पाठांतर म्हटलं की सगळं एकाच मापानं मोजू नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या वाईत वेदपाठशाळेची परंपरा आहे, प्राज्ञपाठशाळा आहे, विश्वकोशाचं काम इथूनच चालतं. लहानपणी घनपाठी गुरुजी ऐकलेत. घनपाठ म्हणजे नुसतं घोकणं नसतं. पहिलं पद दुसरं पद, मग उलटं दुसरं पहिलं, मग पहिलं दुसरं तिसरं, मग तिसरं दुसरं पहिलं, मग परत सरळ. पुढच्या पदाला हेच. शब्द उलटे सुलटे फिरवून म्हणायचे आणि एक स्वर इकडचा तिकडं होता कामा नये. यातल्या अनेकांना मंत्राचा अर्थ नंतर शिकवला जातो, काहींना कधीच नाही, तरी त्या विद्येला आपण बिनडोक म्हणत नाही. हजारो वर्षं ग्रंथ न लिहिता टिकला तो याच फिरवाफिरवीमुळं, कारण चूक झाली की लगेच पकडली जाते.

रिचर्ड्सचं वाचताना मला हेच आठवलं. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. आपल्याकडं सगळं कानावर उभं आहे, त्याचं सगळं डोळ्यावर. घनपाठी डोळे मिटून म्हणतो, याला पान दिसल्याशिवाय चालत नाही. म्हणजे स्मरणशक्ती एकाच प्रकारची असते असं नाही, आणि आपल्या शाळा दोन्हीकडच्या मुलांना एकाच छापाचं पाठांतर देतात, ते कुठं वापरायचं तेच सांगत नाहीत. खेळात निदान वापरावं लागतं.

मिरजजंक्शन :

मी पुण्यात नोकरीला असताना क्लबमध्ये स्क्रॅबल खेळलोय, अजूनही ऑनलाइन खेळतो, त्यामुळं दोन गोष्टी सांगतो. इथं चर्चा शब्द पाठ करण्यावरच अडकलीय, पण शब्द पाठ असणं म्हणजे खेळ येणं नाही. ते फक्त मैदानात उतरायचं तिकीट.

इंग्रजी सेटमध्ये १०० टाइल्स. ई १२, ए ९, एस फक्त ४, ब्लँक म्हणजे कुठलंही अक्षर म्हणून चालणाऱ्या कोऱ्या टाइल्स २, क्यू आणि झेड एकेकच आणि प्रत्येकी १० गुणांच्या. बोर्ड १५ बाय १५. पिशवीतून न बघता काढलेल्या ७ टाइल्स हातात असतात, सातही एका चालीत लावल्या की ५० गुण जास्तीचे. मोठ्या खेळाडूंचा सगळा जीव त्या पन्नासावर असतो, आणि ते मिळवायचे तर आत्ता कुठली अक्षरं लावली यापेक्षा कुठली हातात ठेवली याला महत्त्व. २४ गुणांची चाल सोडून २० गुणांची खेळायची, का, तर ए ई एन आर एस असा हात मागं राहतो आणि पिशवीतून काहीही आलं तरी पुढच्या वेळी मोठा शब्द बनायची शक्यता वाढते. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं एकत्र आली तर रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, रेटिनाज, अँटसियर, इतके शब्द बनतात की बोर्डवर कुठं ना कुठं जागा सापडतेच.

त्यात कुठल्या टाइल्स पडल्या याची नोंद ठेवायची. पिशवी रिकामी झाली की समोरच्याच्या हातात नक्की काय आहे ते वजाबाकीनं कळतं, आणि तिथून पुढं डाव बुद्धिबळासारखा उघडा होतो. आणि हे सगळं प्रत्येकाला पूर्ण डावाला २५ मिनिटं, घड्याळ लावून, वेळ संपली की मिनिटाला १० गुण कापले जातात.

आता नायजेलनं फ्रेंचमध्ये काय केलं बघा. शब्द तर नवे होतेच, पण टाइल्सही वेगळ्या. फ्रेंचमध्ये ई १५ असतात, आणि डब्ल्यू, के, एक्स, वाय, झेड या पाचही १० गुणांच्या. इंग्रजीत डब्ल्यूचे ४ मिळतात. स्पॅनिश सेटमध्ये के आणि डब्ल्यू नाहीतच, उलट सीएच, डबल एल, डबल आर यांना स्वतंत्र टाइल. म्हणजे हातात काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठली जागा बंद करायची, वीस वर्षांत बसलेला सगळा अंदाज पुसून नव्यानं बसवायचा. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम हे आहे, नऊ आठवड्यांची बातमी छापणाऱ्या कुणी याच्याकडं नीट बघितलं नाही.

आणखी एक. अमेरिकेतली यादी वेगळी, बाहेरच्या जगातली वेगळी. बाहेरच्या यादीत हजारो शब्द जास्त आहेत जे अमेरिकेत चालत नाहीत, लावला आणि समोरच्यानं चॅलेंज केलं तर शब्द उचलायचा आणि पाळी गेली. अमेरिकेत खेळताना त्याला ते हजारो शब्द डोक्यात असून नाहीत असं खेळायला लागतं. आम्हाला एकच यादी धड येत नाही.

हळदबाजार :

मिरजजंक्शन भावा, हे वजाबाकीचं आवडलं. आमच्या सौद्यात बी असंच असतंय, समोरच्याकडं किती पोती उरली ते त्यानं सांगायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

पोवईनाका :

मिरजजंक्शन यांनी खेळ छान समजावला, मला यातलं काही माहीत नव्हतं. पण त्यामुळं माझा मुद्दा अजून पक्का होतोय. एवढं सगळं करणारा माणूस अपवादच. साध्या पोरानं काय करावं?

विश्रामबागकर :

पोवईनाका सर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर नायजेलमध्ये नाही, ते थायलंडमध्ये आहे.

थायलंडची भाषा थाई, लिपी वेगळी, आपल्यासारखं इंग्रजांचं राज्यही तिथं कधी नव्हतं. तिथं शाळाशाळांतून हा खेळ खेळतात, बँकॉकला किंग्ज कप नावाची मोठी स्पर्धा होते, आणि नायजेलनं ती कितीतरी वेळा जिंकलीय. तिथले अनेक चांगले खेळाडू इंग्रजी जेमतेम बोलतात. तरी २००३ ला जगज्जेता झाला पानुपोल, थायलंडचा, आणि २००९ ला पाकोर्न, तोही थायलंडचा, ज्यानं नायजेललाच हरवलं असं मी वर लिहिलंय. २०१३ च्या प्रागच्या अंतिम फेरीतही नायजेलसमोर थायलंडचाच खेळाडू होता. हे सगळे काही शंभर कोटींत एक नव्हेत. शाळेत खेळ लावला, दोन अक्षरी शब्दांपासून सुरुवात केली, मोठ्यांनी वेळ दिला, त्यातून हे घडलं.

नायजेरियाचं बघा. २०१५ ला पर्थमध्ये नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे जगज्जेता झाला, आफ्रिकेतला पहिला. तिथल्या खेळाडूंनी छोट्या, पाचेक अक्षरी शब्दांवर भर देऊन खेळायची पद्धत बसवली. म्हणजे आपल्या हातात जे आहे त्यातून वाट काढता येते.

बुद्धिबळात आपण हेच केलं ना? सांगलीत कुणी म्हणालं का की आनंद अपवाद आहे, आपल्या पोरांनी खेळू नये? मंडळ काढलं, बोर्ड मांडले, शिकवणारी माणसं बसली, आणि मग मुलं तयार झाली. मला नायजेल पुढं ठेवायचाय तो त्याच्यासारखं व्हा म्हणून नाही, भीती घालवायला. "माझं इंग्लिश कच्चं आहे" हे वाक्य त्याच्यापुढं टिकत नाही.

कृष्णाकाठची :

थायलंडचं माहीत नव्हतं. बघते अजून वाचून. पण अर्थाचा माझा मुद्दा मी सोडत नाहीये हं.

वाईकर :

सोडूच नका ताई.

भडंग :

मला त्या खेळाडूच्या एखाद्या चालीबद्दल सांगा कुणीतरी, नुसते किताब वाचून माणूस कळत नाही.

मिरजजंक्शन :

एकच सांगतो, स्क्रॅबलवाल्या मंडळींत ही सगळ्यात जास्त सांगितली जाते. त्याच्या हातात सी, डी, एच, एल, आर, एन आणि एक ब्लँक. बोर्डवर एक मोकळा ई होता. आपल्यापैकी कुणी असता तर ब्लँकला आय केला असता आणि चिल्ड्रन लावून सातही टाइल्स संपवून उड्या मारल्या असत्या. चांगलीच चाल आहे ती. यानं काय केलं, एका ओळीत सुटे सुटे पडलेले ओ, ओ आणि ई असे तीन दिसले, त्यांच्या मधल्या मोकळ्या घरांत आपली सात अक्षरं बसवली आणि क्लोरोडाइन केला. दहा अक्षरी शब्द, तीन अक्षरं आधीपासून बोर्डवर, तीही एकमेकांना न चिकटलेली. समोर चिल्ड्रनसारखा सोपा शब्द दिसत असताना डोकं पुढं शोधत राहतं हे मला फार मोठं वाटतं. मी शब्द सापडला की हात आखडू शकत नाही, लगेच लावतो.

आणि त्याची जिंकायची आणि हरायची मुद्रा सारखीच. चुळबुळ नाही, चीडचीड नाही, खराब टाइल्स आल्या म्हणून तोंड वाकडं नाही. व्हिडिओ आहेत, पोरांना दाखवा. लांब दाढी, चष्मा, शांत बसलेला असतो.

वाईकर :

क्लोरोडाइन हे जुन्या काळचं औषध, इंग्रजी फौजेतल्या कॉलिस ब्राउन नावाच्या डॉक्टरनं हिंदुस्थानात पटकीवर म्हणून काढलेलं. त्यात अफू, क्लोरोफॉर्म, भांगेचा अर्क. आमच्या आजोबांच्या पिढीला नाव माहीत होतं. रिचर्ड्सला ते औषध माहीत असेल की नाही ठाऊक नाही, पण ताई, अशा एका शब्दावरून तुम्ही वर्गात तासभर बोलू शकाल. आधी शब्द बसला आणि मग अर्थ आला तर अर्थाला बसायला जागा तयार असते. वेदपाठशाळेतही हाच क्रम आहे.

कृष्णाकाठची :

हे मात्र पटलं वाईकर काका. मुलांनी खेळात लावलेला शब्द तास संपेपर्यंत शोधून आणायचा असा नियम केला तर मला चालेल. खेळताना अर्थ विचारणार नाही, खेळ झाल्यावर विचारीन. आणि एक सांगते, इंग्रजी बोलायला न येणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच इंग्रजी अक्षरांनी काहीतरी जिंकता आलं तर त्याचा वर्गातला आवाज बदलेल, हे मी अनुभवानं सांगू शकते, कबड्डीत जिंकून आलेली मुलंसुद्धा दुसऱ्या दिवशी हात वर करतात.

शब्दकोडेवाला :

चर्चा उशिरा वाचली. मी वर्षानुवर्षं मराठी शब्दकोडी तयार करतोय त्यामुळं एक प्रश्न मनात कायम असतो, मराठीत स्क्रॅबल का नाही? कोणी म्हणेल करा की. करून बघितलं की अडचण कळते.

कोड्यात आपण एका चौकोनात एक पूर्ण अक्षर लिहितो, काना मात्रा वेलांटीसकट, जोडाक्षरही त्याच घरात. कोड्यात चालतं कारण पेन आपल्या हातात आहे. टाइल्स करायच्या तर प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर प्रकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. एवढं पिशवीत मावणार नाही, आणि मावलं तरी पाहिजे ते अक्षर हाताला कधी लागणार? मग एक पर्याय असा की फक्त मूळ अक्षराच्या टाइल्स आणि मात्रा खेळणाऱ्यानं मनानं लावायची. म्हणजे क ची टाइल का, की, कु काहीही होईल. माझ्या मते हा पर्याय चालू शकतो पण त्यात खेळ सोपा होतो, कारण दोन टाइल्स हातात आल्या की कुठला ना कुठला शब्द होतोच. दुसरा पर्याय मात्रांच्या वेगळ्या टाइल्स, म्हणजे वेलांटीचीही एक टाइल. त्यात ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी आणि बोलताना नंतर, हा घोटाळा मुलांना कळायला वेळ लागतो.

आणि यादी कुठली धरायची? फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये क्रियापदांची सगळी रूपं चालतात म्हणून त्यांची यादी एवढी फुगते. मराठीत घर, घराला, घरानं, घरात, घरातून, घरातल्या, घरातल्यांना, असं मोजत गेलो तर एका घराचेच किती शब्द होतील! विभक्तीची रूपं चालवायची की मूळ शब्दच धरायचे हे आधी ठरवावं लागेल. मी मूळ शब्द आणि अनेकवचन एवढंच धरीन.

पोवईनाका :

शब्दकोडेवाला साहेब, हे करा हो तुम्ही. साताऱ्यात मी चार घरांत खेळून बघायला तयार आहे. इंग्रजी स्क्रॅबलबद्दल माझं मत थोडं हललंय, पण मराठी बोर्ड मिळाला तर माझी आईसुद्धा बसेल, ती रविवारचं कोडं पुरं झाल्याशिवाय चहा घेत नाही.

मिरजजंक्शन :

अल्फ्रेड बट्स नावाच्या ज्या माणसानं स्क्रॅबल काढला त्यानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून कुठल्या टाइल्स किती हे ठरवलं होतं, १९३० च्या दशकात, मंदीमुळं हाताला काम नव्हतं तेव्हा. तो आर्किटेक्ट होता. आपल्याकडंही तसंच करता येईल. मराठी पेपरची थोडी पानं घ्यायची आणि कुठलं व्यंजन किती वेळा येतं ते मोजायचं. मोजायचा प्रोग्रॅम मी लिहून देतो, अवघड नाही. र, त, ल, न यांच्या टाइल्स जास्त निघतील, ठ, घ, झ महाग होतील.

शब्दकोडेवाला :

द्या लिहून. ळ किती निघतो बघायची फार उत्सुकता आहे. मी तोपर्यंत तीन आणि चार अक्षरी शब्दांची यादी टाइप करतो, कोड्यांसाठी वहीत आहेच.

हळदबाजार :

विश्रामबागकर दादा, माझा पोरगा सातवीत हाय, मराठी शाळंत. धागा मी त्याला वाचून दाखवला, त्याला सायकलवाला माणूस आवडला. त्याला सुरुवात काय द्यायची ते सांगा, आन डिक्शनरी घेऊ का?

विश्रामबागकर :

दादा, डिक्शनरी आत्ता नको. आधी दोन अक्षरी शब्द. आंतरराष्ट्रीय यादीत सव्वाशेच्या घरात आहेत, एका कागदाच्या एका बाजूला मावतात. मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, रोज पाठ कर म्हणून मागं लागू नका, येता जाता दिसू दे. हे दोन अक्षरी शब्द आले की एका शब्दाला दुसरा समांतर चिकटवता येतो आणि गुण दोन्हीकडून मिळतात, नवशिक्याचा खेळ तिथं एकदम बदलतो. मग क्यू, झेड, एक्स, जे असलेले तीन अक्षरी, कारण हीच अक्षरं हातात अडकून बसतात. सात अक्षरी शब्दांकडं त्यानंतर वळायचं. आणि बघा त्याला शब्द ऐकून लक्षात राहतो की बघून, वाईकरांनी लिहिलंय तसं. ऐकून राहत असेल तर तुम्ही स्पेलिंग मोठ्यानं म्हणा, त्याला ओळखू दे, मग तुम्ही उलटं म्हणा.

रविवारी सकाळी दहाला या त्याला घेऊन, पत्ता निरोपातून पाठवतो. कृष्णाकाठची ताई, तुमच्या शाळेतली दोनतीन मुलं आणता आली तर बोर्ड दोन मांडू.

कृष्णाकाठची :

चौघं येतील. त्यातली एक मुलगी पाढे उलटे म्हणते, तिला मुद्दाम आणते.